अण्णांच्या गजाली

धोंडूअण्णा बायकोशी भांडायचे ते चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांदेखत, पण तोंडातून आवाज न काढता. नुसते ओठ हलायचे आणि हात चालायचे. काकीही तसंच उत्तर द्यायच्या. घरातली गोष्ट घरात राहते, असा दोघांचा ठाम समज. करी रोडची आमची चाळ मात्र निम्मी विणकरांची. गिरणीत मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू येत नसे, म्हणून ओठांवरून बोलणं ओळखायची सवय सगळ्यांनाच. आम्हा मुलांनाही ती बापांकडून लागलेली. त्यामुळे अण्णांच्या कालवणात मीठ कमी पडलं की तिन्ही मजल्यांना कळायचं.

संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे अण्णांच्या घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. श्वासासाठी गळ्याशी भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. भेटायला आलेले पाहुणे हळहळायचे. अण्णा त्यांना हाताला धरून बसवायचे आणि ओठांनीच सांगायचे, “आवाज गेलो, गजाली खंय गेल्यो?” गप्पांशिवाय माणूस जगतो हे त्यांना मुळीच पटत नसे. पाहुण्यांना काही कळायचं नाही. मग चाळीतला कोणीतरी दुभाषी व्हायचा आणि पदरची भर घालायचा, त्यावर अण्णा भडकायचे.

काही वर्षांनी माझा नंबर लागला. मी बस कंडक्टर. बसलेला घसा सुटेना म्हणून तपासून घेतला, तर तेच निघालं. स्वरयंत्र काढलं तर आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन जाहीर केलं, ऑपरेशन करायचं नाही. गावी जाऊन झाडपाल्याचं औषध घेईन, मेलो तर बोलता बोलता मरेन. बायको रडायला लागली, तर मी बसक्या घशाने तिच्यावरच खेकसलो.

संध्याकाळी अण्णा आले. गोड बोलून धीर देणं त्यांना कधी जमलं नाही.

“डॉक्टर आवाज काढतले, तोंड नाय शिवूचे,” त्यांचे ओठ हलले. “माका बघ. जेवतंय, भांडतंय. आणि काय होया?”

“तुमचं निभावलं, अण्णा. तुमच्याभोवती सगळे गिरणीवाले. माझी वैशू चार वर्षांची आहे. बाप मुका झाला तर ती बोलणार कोणाशी?”

अण्णा उठून दाराशी गेले. वैशू गॅलरीच्या टोकाला भातुकली मांडून बसली होती. त्यांनी टाळी वाजवली, तिने मान वर केली.

“तुज्या बाहुलीन आज काय खाल्ल्यान?” अण्णांनी ओठांनी विचारलं.

“तिचा आज उपास आहे, आजोबा!” वैशू तिथूनच ओरडली आणि पुन्हा खेळायला लागली.

पोरगी त्यांच्याच दारात वाढली होती. मी ड्युटीवर असताना दोघांच्या रोज गजाली चालायच्या, आणि बापाला पत्ता नव्हता! मला इतकं हलकं वाटलं की मी अण्णांसमोरच रडलो. ऑपरेशनला तयार आहे, हे मी बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णांनी बजावलं, “जा काय बोंबलूचा आसा, ता आजच बोंबलून घे.” मी गॅलरीत उभा राहून वैशूला हाका मारल्या, घसा दुखेपर्यंत. ती धावत आली, म्हणाली, “काय काम आहे, बाबा?” काम काहीच नव्हतं.

पुढे मला डेपोत बैठं काम मिळालं. अण्णा गेले ते चांगले म्हातारे होऊन, हृदयविकाराने. कॅन्सर त्यांच्याकडे परत फिरकला नाही, माझ्याकडेही नाही. त्यांना उचललं तेव्हा अख्खी चाळ रडत होती. मी हंबरडा फोडला, पण बाहेर आली ती नुसती हवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची हळहळ वाटली. लग्न होऊन सासरी गेलेली वैशू गर्दीच्या पलीकडे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिथूनच ओठ हलवले, “बाबा, ऐकू येतंय.”