पानाचा टर्बो

माझ्या नणंदेला घरात सगळे पाना म्हणतात. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आणि शोभिवंत आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कामी येतं. लहानपणी तिने वडिलांचा रेडिओ उघडला, मग शेजाऱ्यांचा उघडला आणि दोन्ही मिळून एक चालू करून दाखवला. तेव्हापासून ती पाना. नोकरीही तिला साजेशीच मिळाली. दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. पितळी वजनांची पेटी घेऊन ही बया दुकानात शिरली की भलेभले व्यापारी आधी पंखा लावायचे.

मी तिची वहिनी. माझं शिक्षण इतिहासाचं, नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि गाडी मला चालवता येत नाही. शिकायला गेले होते. शिकवणारा तिसऱ्याच दिवशी म्हणाला, "बाई, तुम्ही वळण यायच्या आधीच वळता." मी त्याला मूर्खात काढलं आणि क्लास सोडला. असं असूनही पानाच्या गाडीत तिच्या शेजारची जागा माझीच. कारण एवढंच, की घरात बाकी सगळ्यांना तिच्या गाडीत मळमळतं. मला मळमळत नाही. माझ्या गुणांची यादी करायची म्हटली तर हा गुण बराच वर लागेल.

ती गाडी म्हणजे एक जुनी, छोटी हॅचबॅक. मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडलाय, दारं बंद करताना डब्यासारखी वाजतात. पण बॉनेटखाली पानाने काय काय करून ठेवलंय ते तिचं तिलाच ठाऊक. त्यातलं मला समजतं ते फक्त टर्बोचं. इंजिनाच्या धुरावर फिरणारा हा पंखा. इंजिन जो धूर बाहेर टाकतं त्यानेच तो फिरतो आणि फिरून इंजिनाच्याच घशात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. हे कळलं तेव्हा मी पानाला म्हटलं, "म्हणजे स्वतःच्याच बडबडीने अंगात जोर येणाऱ्या माणसासारखं." ती म्हणाली, "तुला लगेच कळलं, नवल नाही."

तर हा टर्बो म्हातारा झाला. गाडी निळा धूर सोडायला लागली, आणि एक दिवस नेमकी चढावरच्या सिग्नलला अडली. पानाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, टेकडीवरच्या वसाहतीत राहतो. तिकडे जाणारा रस्ता उभा आहे आणि त्याच्या ऐन मध्यावर कुणा शहाण्याने सिग्नल बसवलाय. हिरवा दिवा लागला, पानाने गाडी काढली, गाडी खोकली, मागे घरंगळली आणि धुराच्या ढगात बंद पडली. मागे रांगेत कोण होतं? भाचा आणि त्याची बायको. सगळ्यांच्या हॉर्नमध्ये आपल्याच मुलाचा हॉर्न ओळखू येणं काय असतं, ते मी त्या दिवशी पानाच्या चेहऱ्यावर पाहिलं.

गाडी कशीबशी पुन्हा चालू करून आम्ही भाच्याच्या घरी पोचलो, तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"आई, बास झालं. ही गाडी विकायची."

"विकते. तू बाप होशील तेव्हा."

"आई, मी दोन मुलांचा बाप आहे."

"मग चांगला बाप होशील तेव्हा."

सून स्वयंपाकघरातून हसली आणि भाच्याने तिच्याकडे पाहिल्यावर भांडी जोरात घासू लागली. शेवटी तडजोड झाली ती अशी. पानाने हवा तो टर्बो बसवावा, एकदाच. मग भाचा आणि सून मागे बसतील आणि त्याच चढावर, त्याच सिग्नलला गाडी उभी करून काढायची. अडखळली, खोकली किंवा माकडासारखी उडी मारून पुढे गेली, तर किल्ली भाच्याकडे. गिऱ्हाईक तयारच होतं: कोपऱ्यावरचा दंतवैद्य. त्याचा डोळा कधीचा त्या गाडीवर होता, आणि पानाची दाढ तपासतानाही तो तिच्या गाडीबद्दलच विचारायचा.

खाली आल्यावर पाना गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. नवरा गेल्यानंतर ती कुणाच्या खांद्यावर डोकं टेकून रडलेली मला आठवत नाही. पण तो गेला त्या आठवड्यात ती दिवसदिवस गाडीखाली पडून असायची. गाडी गेली तर ही कुठे पडून राहील, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलले नाही. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

निवड दोन टर्बोंमध्ये होती. एक लहान. तो चटकन फिरायला लागतो, कमी वेगातही गाडीला जोर देतो, पण वेग वाढला की दमतो. दुसरा मोठा. त्याला फिरायलाच भरपूर धूर लागतो, तोवर गाडी निवांत, आणि मग एकदम पाठीत लाथ बसते. गॅरेजमधला मिस्तरी मोठ्याच्या बाजूने होता.

"ताई, मोठाच घ्या. बॉनेट उघडलं की कसा भारी दिसतो!"

"मी बॉनेट उघडून गाडी चालवत नाही," पाना म्हणाली.

"काकू, तुम्ही तरी सांगा."

मी पानापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. ती ताई आणि मी काकू! तरीही मी त्याची बाजू घेतली. कारण तोवर मी इंटरनेटवर वाचून वाचून टर्बोतली पंडित झाले होते. मोठ्या टर्बोच्या नावापुढे मोठा आकडा होता, आणि मोठा आकडा चांगला यापलीकडे माझं वाचन काही गेलं नव्हतं. मी आलेखाचे कागद छापून आणले, त्यावर पिवळ्या पेनाने रेघा मारल्या आणि गॅरेजमधल्या टायरवर बसून व्याख्यान दिलं. मिस्तरीने मन लावून ऐकलं. व्याख्यान संपल्यावर त्याने त्यातल्या एका कागदाला हात पुसले.

खरं सांगायचं तर पानालाही मोठाच हवा होता. तिने तो मांडीवर घेतला, त्याचं पातं बोटाने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत बसली. आमच्या लग्नात माझे दागिनेसुद्धा तिने असे पाहिले नव्हते.

"आधी मोजू या," ती म्हणाली. "जुना पंखा कुठे जोर धरतो ते कळलं की इंजिन केवढा पंखा ओढेल ते कळतं."

मोजायची आमची पद्धत ठरलेली. गोदामांच्या मागे एक सरळ, रिकामा रस्ता आहे. पाना गाडी चालवते आणि इंजिनाचे फेरे वाढतील तसे ते ओरडते. हवेच्या दाबाचं छोटं घड्याळ माझ्या समोर चिकटवलेलं आहे, त्यातला काटा बघून मी दाब ओरडते. मांडीवर फोन ठेवून सगळं रेकॉर्ड करायचं. दोन म्हाताऱ्या बंद गाडीत एकमेकींवर आकडे ओरडत चालल्यात असं बाहेरून दिसतं. एकदा गोदामाच्या पहारेकऱ्याने आम्हाला थांबवून विचारलं होतं, "भांडण आहे का?"

"दोन हजार!" पाना ओरडली.

"पाव!" मी.

"अडीच!"

"अर्धा! अगं, मस्त चढतोय! पाऊण!"

"तीन!"

"एक! पूर्ण एक!"

मी खूश. जुना, दमलेला पंखा इतक्या लवकर दाब धरत असेल, तर इंजिनात दम आहे. मोठा पंखाही ते सहज ओढेल. गॅरेजमध्ये येताच मी मिस्तरीला म्हटलं, "बांधा मोठा. आकडेच सांगताहेत."

मिस्तरीने मोठ्या टर्बोवरचा कागद सोडायला घेतला. पाना हात धुवत होती. ती मागे न बघताच म्हणाली, "थांबा. वहिनीचे आकडे आहेत ते. तसेच घ्यायचे नसतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे? मला काटा वाचता येत नाही?"

"वाचता येतो. तू तो पोचायच्या आधी वाचतेस."

"काहीतरीच!"

"तुझा 'एक' आला, की त्यानंतर माझ्या पाठीला धक्का बसतो. दरवेळी. पाठ खोटं बोलत नाही, वहिनी."

मी पुरावा मागितला. एवढा शहाणपणा मी दाखवायला नको होता. मिस्तरीने घड्याळाची नळी सोडवली, तिला हातपंप लावला आणि हळूहळू हवा भरू लागला. पाना माझ्या खांद्यामागे उभी. मी डोळे फाडून काट्याकडे बघत होते आणि अगदी जपून बोलत होते.

"पाव... अर्धा... पाऊण... एक!"

"थांब," पाना म्हणाली. मिस्तरी थांबला. काटा पाऊणवर थरथरत उभा होता.

मिस्तरीने तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते.

"पुन्हा करा," मी म्हटलं. त्याने पुन्हा केलं. मी पुन्हा पाऊणला एक म्हटलं. मला काय होतं ते मलाच तेव्हा समजलं. काटा निघाला कुठे ते दिसलं की तो पोचेपर्यंत थांबायचा मला धीर नाही. ग्रंथालयात माणूस पुस्तकाचं नाव सांगायला लागला की मी अर्ध्यावर उठून कपाटाकडे चालू लागायचे. निम्म्या वेळा चुकीचं पुस्तक आणायचे. आणि वर त्यालाच ते वाचायला लावायचे.

"मग इतकी वर्षं मला कशाला शेजारी बसवतेस?" मी चिडून विचारलं. खरं तर मला रडू येत होतं, पण गॅरेजमध्ये रडायला नीट जागा नसते.

पानाने हात पुसले. "कारण तू रोज तेवढंच चुकतेस. काटा चुकीचा असला तरी चालतो गं. चूक रोज तीच हवी. आज छटाक आणि उद्या पावशेर मारणारा काटा भंगारात. तू पाऊणला एक म्हणतेस, म्हणजे म्हणतेसच. मी वजा करून घेते."

आयुष्यात माझी स्तुती फार कमी जणांनी केली आहे, पण इतक्या वाईट पद्धतीने कुणीच केली नाही.

वजाबाकी केल्यावर चित्र स्पष्ट झालं. दाब उशिरा येत होता. मोठा टर्बो लावला असता तर चढावर गाडी आधी झोपली असती आणि मग उडाली असती. म्हणजे किल्ली दंतवैद्याच्या खिशात. मोठ्या टर्बोवर पानानेच परत कागद गुंडाळला, अगदी कोपरे दुमडून, आणि म्हणाली, "लहान बांधा."

घरी येताना मी तिची समजूत काढायला गेले. "लहान असला तरी..."

"वहिनी, गप्प बस."

मी बसले. वाक्य अर्ध्यावर तोडायची सवय मला दुसऱ्यांच्या बाबतीत होती, स्वतःच्या नव्हती. पण त्या दिवशी जमलं.

परीक्षेच्या दिवशी भाचा आणि सून मागे बसले. भाच्याने बसल्या बसल्या पट्टा आवळला आणि दारावरची धरायची मूठ दोन्ही हातांनी पकडली. सुनेने खिडकी उघडी ठेवली, मळमळीची तयारी म्हणून. चढ सुरू झाला. सिग्नल हिरवा होता. पानाने मुद्दाम वेग कमी केला, मागून कुणीतरी शिव्या दिल्या, आणि लाल लागला तशी ती बरोबर रेघेवर थांबली. नाक आभाळाकडे, मागे रांग. मला बोलायची मनाई होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, जणू मी हातांनीच बोलते.

हिरवा लागला.

पानाने क्लच सोडला. गाडी निघाली. खोकली नाही, घरंगळली नाही, उडी मारली नाही. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी निघाली. वळण आलं, गेलं. वसाहतीचं फाटक दिसू लागलं.

"आई," भाचा मूठ घट्ट धरून म्हणाला, "सिग्नलला कधी थांबणार?"

"थांबलो की. निघालो पण," सून म्हणाली. "तू डोळे मिटले होतेस."

वर पोचल्यावर पाना उतरली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. जिंकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे हवं ते तिथे नव्हतं. मी जवळ गेले.

"वाचली ना गाडी?"

"वाचली. पण चालते कशी बघ. शाळेत जाणाऱ्या शहाण्या मुलीसारखी."

तेवढ्यात भाच्याने हात पुढे केला. "किल्ली दे."

पानाचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. "ठरलं होतं काय आणि..."

"मामी, थांब ना जरा! एक चक्कर मारून येतो म्हणतोय मी."

तो गेला. आम्ही तिघी फाटकाशी उभ्या. गाडी वसाहतीच्या मागच्या रस्त्याने गेली, पुन्हा आली आणि न थांबता पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला तिचा आवाज जरा चढला होता. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "मामी, हा घरात असा कधी हसत नाही हो." खिडकीतून त्याचे दात दिसत होते.

तो परत आला, उतरला आणि स्वतःहून किल्ली आईच्या हातात ठेवली. मग चाकाशी उकिडवा बसला आणि आत डोकावून बघू लागला.

"आई, गाडी राहू दे तुझ्याकडे. पण एवढ्या जोराला हे ब्रेक पुरणार नाहीत. मोठे बसवायला हवेत."

पाना वाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज तरुण झाला. "केवढे मोठे?"

दोघं चाकाशी डोकं लावून बसले. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे, आणि आम्ही चहा टाकायला आत गेलो.