खातं बंद करायला आलेले गृहस्थ

आम्हा दोघी मैत्रिणींच्या छोट्या कंपनीसाठी चालू खातं कुठं उघडावं, म्हणून मी कर्वेनगरातल्या बँका पालथ्या घालत होते. त्यातल्या एका बँकेत, एसीखालच्या सोफ्यावर, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ केव्हाही गेलं तरी दिसायचे. एकदा माझ्या हातातली माहितीपत्रकं बघून म्हणाले, "अहो, हे काय वाचताय? खातं बंद कसं होतं, ते विचारा. उघडताना सगळेच चहा पाजतात."

मी खरंच काउंटरवर जाऊन विचारलं. आतापर्यंत गोड हसणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते साहेब बघतात. साहेब रजेवर आहेत."

मी सोफ्याशी परत आले. "आपलं म्हणणं पटलं. पण मग आपण या बँकेत कसे?"

"माझं वर्कशॉप बंद झालं. त्याचं खातं बंद करायला येतो. दर वेळी एखादी सही कमी पडते." त्यांनी चष्मा सावकाश पुसला, मांडीवरची पिशवी उचलली आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.

"इथंच उघडा. मला सोबत होईल."