किसनआबांचे गप्प ट्रॅक

किसनआबा माईकसमोर उभं राहायच्या आधी पायातल्या चपला काढत. लग्नाच्या मांडवात काढत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात काढत, आणि सणसवाडीतल्या माझ्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी त्या दाराबाहेर काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या. मी म्हटलं, "आबा, राहू द्या, फरशी गार आहे." तर डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "ताई, दुसऱ्याच्या घरचं नाव घ्यायचं आसतं. पायात चपला घालून कसं घ्यायचं?"

आबा मांडवगण फराट्याचे. पंचक्रोशीत लग्न असो नाहीतर शर्यत, माईक त्यांच्याच हातात. पाहुण्यांचं स्वागत करणारा, अक्षता सगळ्यांना पोचल्या का विचारणारा आणि नवरीच्या मामांना हाका मारून मारून दमणारा तो जाडाभरडा आवाज शिरूर तालुक्यात ओळखीचा होता. जेमतेम शिकून ते पुढे शेतीच करत आले, पण बोलण्याविषयी त्यांचे स्वतःचे नियम होते. "बोलणाऱ्यानं आधी मांडव ऐकावा," असं म्हणत. "नाव घाईत घेतलं की पाव्हणा निम्माच येतो," हेही त्यांचंच.

माझी खोली म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला, भिंतींना जुन्या गाद्या, एक माईक आणि एक लॅपटॉप. घंटागाडीच्या सूचना, साड्यांचा सेल, निवडणुकीचा प्रचार, असलं सगळं मी तिथे रेकॉर्ड करून देते. शेजारच्या बिऱ्हाडातला कुकर शिट्ट्या द्यायला लागला की आम्ही हात जोडून थांबतो. अशा ठिकाणी शिरूरला गाडी बदलून आबा का आले, ते त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. घशात गाठ निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं होतं. आबांची नात पूनम हिचं लग्न त्यानंतर होतं, आणि डॉक्टर तोवर थांबायला तयार नव्हते.

ही पूनम लहानपणापासून आबांचं बोट धरून मांडवामांडवांत हिंडलेली. स्टेजच्या पायरीवर बसून एकदा तिने विचारलं होतं, "आबा, माझ्या लग्नात कोण बोलणार?" आबा म्हणाले होते, "मीच की." एवढंच. पण आबा दिलेला शब्द विसरणाऱ्यांतले नव्हते.

मी म्हटलं, "तुम्ही फक्त बोला. कापाकापी मी करते. लग्नादिवशी पेनड्राइव्ह लावला की झालं."

"लगीन काय पेनड्राइव्हच्या मापानं चालतं व्हय?" आबा म्हणाले. "वरात अडकती, नवरदेवाचे दोस्त नाचत बसत्यात. तवा काय वाजवायचं आन् काय थांबवायचं, ते माझ्या हातात पायजे." मग लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "मला हे घर आतून दाखवा."

मग सुरू झाली आमची शिकवणी. माझा स्वभाव तापट, शिकवताना तर जास्तच. पण आबांपुढे तो चालेना. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाकडे बोट दाखवून ते "हे काय?" असं विचारत नसत, "हा कोण?" असं विचारत. हा लाल गोळा कोण? रेकॉर्ड. ही उभी रेघ कोण? आवाज कुठवर आला ते दाखवणारी. हा एम कोण? म्युट, शेजारच्या ट्रॅकला, म्हणजे आवाजाच्या त्या पट्टीला, गप्प बसवणारा. एकदा ओळख झाली की विसरायचं नाही, हा त्यांचा धंद्याचाच बाणा. पुढच्या वेळी येत तेव्हा आधी सगळ्यांवरून नजर फिरवत आणि मान हलवत, जणू पंगतीत सगळे बसलेत ना ते बघतायत.

पहिल्याच दिवशी त्यांनी असा आवाज टाकला की मीटर लालभडक झाला. मी ओरडले, "आबा, हळू!"

"मागच्या रांगेला ऐकू जायला नगं?"

"इथं मागची रांग नाहीये."

आबांनी आजूबाजूला पाहिलं, आणि एक पाऊल पुढे येऊन माईकशी अगदी खासगीत बोलावं तसं बोलू लागले. इतक्या वर्षांची भोंग्याची सवय त्यांनी एका दुपारी मोडली. मला अजून त्याचं नवल वाटतं.

दुसऱ्या एका दिवशी मी चहा टाकायला गेले आणि आतून हाक आली, "ताई! आवाज गेला!" मी धावत आले. आबा पांढरेफटक पडले होते. पडद्यावर नुसती सरळ रेघ. झालं होतं काय, की त्यांच्याकडून झूम इतकं वाढलं होतं की दोन शब्दांमधली गप्प जागाच सगळ्या पडद्यावर पसरली होती. मी झूम कमी केलं, तशा दोन्ही बाजूंनी त्यांच्या बोलण्याच्या लाटा आत आल्या. आबा खुर्चीत टेकले, टोपी काढून घाम पुसला. "लई जवळनं बघितलं व्हय मी," म्हणाले, आणि झूमचं बटण कोणतं ते पुन्हा विचारून घेतलं.

पण आमचं खरं भांडण झालं ते डिलीटवरून. माझी शिस्त अशी की बिघडलेला टेक तिथल्या तिथे उडवायचा. आबा उडवू देईनात. मांडवातला त्यांचा नियम होता: घेतलेलं नाव खोडायचं न्हाई. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्याचं नाव निवडून आलेल्याच्या आधी घेतलं म्हणून एका लग्नात त्यांना दुरुस्तीची चिठ्ठी आली होती. आबांनी ती खिशात घातली आणि निवडून आलेल्याचं नाव दुप्पट मानाने घेतलं, पण आधीचं मागे घेतलं नाही. तोच नियम त्यांनी माझ्या लॅपटॉपला लावला. चुकलेला प्रत्येक टेक ते ओढून खाली नव्या ट्रॅकवर नेत आणि एम दाबत. "बसा खाली, गप बसा," असं त्याला सांगतही. माझ्या नीटनेटक्या फाइलची पार जत्रा झाली होती.

त्यातला एक टेक मामांचा होता. "मामांनी नवरीला घेऊन यावं," असं म्हणता म्हणता आबांना कुठलेतरी जुने मामा आठवले आणि ते भडकलेच: "आरं मामा, कुठं गेला? जिलबी काय पळून जाती का? हितं नवरी ताटकळलीया!" मग माझ्याकडे वळून, "ताई, हे चुकलं. परत घिऊ." गेलं तेही खाली.

आणखी एक तर निव्वळ वैताग होता. रेकॉर्डिंग चालू असताना आबांचा फोन वाजला. बंद ठेवा म्हणून मी घसा कोरडा केला होता. आबांनी खुशाल तो घेतला. "पूनम? जेवलीस का गं?" थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हां. मंग बरं." एवढंच बोलून ठेवूनही दिला. पूनमचा आवाज काही माईकपर्यंत पोचला नव्हता, त्यामुळे आबांच्या दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा राहिली होती. मी म्हटलं, "हे तरी उडवू द्या." आबा म्हणाले, "रोजचंच हाय ते. राहू द्या खाली." आणि तोही टेक तळाला जाऊन गप्प बसला.

ऑपरेशन झालं. आबा पुन्हा आले तेव्हा गळ्याला पांढरं फडकं होतं. चपला काढल्या, खुर्चीत बसले, सगळ्या बटणांवरून नजर फिरवली. मी मधल्या काळात एक खिडकी डावीकडून उजवीकडे हलवली होती, तिच्याकडे बोट करून त्यांनी भुवया उंचावल्या. हा कोण? मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खिडकी जागेवर नेली.

लग्न गावाजवळच्याच कार्यालयात होतं. भीमा नदीपलीकडून, राहू गावाहून वऱ्हाड आलं. स्टेजच्या बाजूला टेबल, त्यावर ती अख्खी फाइल घालून मी दिलेला जुना लॅपटॉप, समोर अनवाणी किसनआबा. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला तशी माणसं खुर्च्यांत वळली. "आबा बरं झालं जनू!" एक म्हातारबा शेजाऱ्याला म्हणाले. वरात लांबली तेव्हा आबांनी स्वागताचे जादाचे तुकडे लावले, पंगतीची सूचना मागे ढकलली. त्यांची बोटं चालताना बघून मी माझी खुर्ची दूर सरकवली. तिथे माझं काही कामच उरलं नव्हतं.

आणि मामा सापडेनात. "मामांनी नवरीला घेऊन यावं," आबांचा आवाज म्हणाला. कोणी आलं नाही. आबांनी तेच पुन्हा लावलं. तेच वाक्य, तोच सूर. तिसऱ्यांदा लावल्यावर मागची पोरं हसू लागली. "कॅसेट अडकली!" कोणीतरी ओरडलं. इतका वेळ जिवंत वाटणारा आवाज एकाएकी यंत्राचा झाला. पूनम दारात मान खाली घालून उभी होती.

आबांनी पडदा खाली सरकवला. एका ट्रॅकचा एम काढला.

"आरं मामा, कुठं गेला? जिलबी काय पळून जाती का? हितं नवरी ताटकळलीया! ... ताई, हे चुकलं. परत घिऊ."

कार्यालय हसून हसून फुटलं. भटारखान्याच्या दारातून मामा तोंड पुसत पळत आले, तशा टाळ्या पडल्या. आबा हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते. खोडू नका म्हणणाऱ्या त्या माणसाला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

पाठवणीच्या वेळी मंडपवाले वायरी गुंडाळायला लागले होते. पूनम आबांच्या पाया पडली आणि उठेचना. आबांचे ओठ हलले. काही ऐकू येणार नव्हतं, हे इतक्या दिवसांत तिलाही ठाऊक झालं होतं. आबांनी हाताने वायरवाल्याला थांबवलं, टेबलाकडे गेले, आणि पडदा खाली, अगदी तळापर्यंत नेला.

"पूनम?" स्पीकरमधून आवाज आला. "जेवलीस का गं?"

मग ती मोकळी जागा आली, मी कापायला निघाले होते ती.

"जेवले, आबा," पूनम म्हणाली.

"हां," आबा म्हणाले. "मंग बरं."