अणुऊर्जेच्या विरुद्ध बाजूने

मास्तरकी संपली की निरोपाचा हार दोन दिवसांत सुकतो, शाल कपाटात जाते आणि उरतात ते किस्से. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. डबा खाता खाता साठत जातात आणि रिटायर झाल्यावर कळतं, अरे, बरेच झाले की!

मी तिरोडा रस्त्यावरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मधल्या सुट्टीत डब्याला आम्ही तिघं पक्के. भूगोलाचे रहांगडाले सर, प्रयोगशाळेतले उईके मामा आणि मी. गप्पा धानावरून सुरू व्हायच्या, उन्हाळी धानाला पंप चालत नाही म्हणून विजेवर यायच्या आणि तिथून भांडणावर. रहांगडाले सरांचं म्हणणं एकच, देशाने कोळसा कमी करून अणुऊर्जेवर जास्त भर द्यावा. मी विरोधात.

खरं सांगायचं तर माझा विरोध फार अभ्यासातून आला नव्हता. ते 'हो' म्हणत म्हणून मी 'नाही' म्हणायचो, आणि मला बोलता चांगलं यायचं.

*

रहांगडाले सरांची सासुरवाडी जिल्ह्याबाहेर, एका कोळशाच्या वीज केंद्राजवळ. दिवाळीनंतर ते तिकडून आले की खोकत यायचे. एकदा त्यांनी डब्याशेजारी कागदाची पुडी ठेवली. मला वाटलं, चटणी आणली. उघडली तर राखाडी रंगाची मूगवडी.

सासूबाईंनी गच्चीवर वाळत घातली होती, ती दोन दिवसांत अशी झाली, असं त्यांनी सांगितलं. आता त्या वड्या घरातच पंख्याखाली वाळवतात म्हणे. मी म्हणालो, सर, अणुऊर्जेत वडी पिवळीधमक राहील, खाणारा राहणार नाही. स्टाफरूम हसली.

सर हसले नाहीत. पुडी बांधून खिशात ठेवत म्हणाले, "लांजेवार, सासूबाईंना दम्याचा पंप लागलाय. तेवढं सांगायचं राहिलं."

*

विज्ञान प्रदर्शनात सरांनी पोरांकडून अणुभट्टीचं मॉडेल करून घेतलं. पुठ्ठ्याचा घुमट, आत लाल झिरोचा बल्ब, पाण्याच्या नळ्या, बाजूला पंखा फिरणारं छोटं जनित्र. पंधरा दिवस कॉलेज सुटल्यावर ते पोरांबरोबर थांबत होते. मॉडेल झालंही देखणं.

मी काय करावं? मी शेजारी उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो की किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. आसपासच्या गावांतल्या बायका दारापाशीच थबकल्या. एका आजीने नातवाला ओढून पदराखाली घेतलं. उईके मामा बिचारे सांगत होते की आत नुसता बल्ब आहे. कोणी पुढे येईना.

तेवढ्यात लाईट गेली. बल्ब विझला, पंखा थांबला. काळोखात मामांनी अगदी भाबडेपणाने विचारलं, "सर, अणुभट्टीलेबी बाहेरची लाईन लागते का?"

लोक इतके हसले की विचारता सोय नाही. मामांचा प्रश्न खरा तर चांगला होता. भट्टी बंद पडली तरी ती थंड ठेवायला वीज लागतेच. सर तेच समजावून सांगू लागले, वेगळे पंप असतात, डिझेलची जनित्रं असतात. ऐकायला कोणी थांबलं नाही. पुढची कित्येक वर्षं वाद हरायला आलो की मी मामांचंच वाक्य फेकायचो. सर गप्प बसायचे. मी त्याला जिंकणं म्हणायचो.

*

मामांचं स्वतःचं मत आम्ही कधी विचारलं नव्हतं. ते विचारलं बोदलकसा तलावावर, सहलीत. पोरं पाण्याकाठी खेळत होती आणि आम्ही दोघं झाडाखाली बसून तेच चघळत होतो. कोळसा, धरण, अणू, सौर. निकाल लागेना तेव्हा सर म्हणाले, मामांना विचारू या.

मामा पत्रावळी गोळा करत होते. त्यांनी सांगितलं की त्यांचं जुनं गाव जंगलात होतं, एका धरणात गेलं. देवाचं ठिकाणही पाण्याखाली गेलं. बाप दरवर्षी काठावर उभा राहून तिकडे हात जोडायचा. नव्या जागी खांब लागले, पण वीज यायला मामांचं लग्न व्हावं लागलं.

मग म्हणाले, "सर, वीज कायपासूनबी काढा. कोणाले उठा लागन, थे पयलेच ठरून रायते."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही हा मुद्दा मांडला नव्हता. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघं वेगवेगळ्या सीटवर बसलो.

*

मग रहांगडाले सरांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला किरणं द्यायची ठरली. मी दोनदा सोबत गेलो. दारावर किरणोत्साराचं तेच पिवळं चिन्ह होतं, जे मी फळ्यावर काढून पोरांना घाबरवायचो.

सर आत गेले आणि मी बाहेर बाकावर बसून देवाला म्हणत होतो, ही किरणं नीट लागू देत. बाहेर आले तेव्हा आवाज अगदी बसला होता. माझा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं असावं. कानाशी येऊन म्हणाले, "आज तरी आमच्या बाजूने बोला, लांजेवार."

मी हसून खांद्यावर हात ठेवला. औषधातली किरणं वेगळी आणि वीज वेगळी, हा मुद्दा तेव्हाही माझ्या जिभेवर होता. तो गिळला, एवढंच पुण्य.

सर त्यानंतर दोन पावसाळे राहिले. भेटलो की विचारायचे, पटलं का? मी म्हणायचो, बघू. तोवर मी बरंच वाचलं होतं आणि त्यांचं निम्म्याहून जास्त पटलंही होतं. वापरलेल्या इंधनाचं काय करायचं, यावर माझी अजून शंका आहे, पण त्यांच्या सासूबाईंच्या दम्याला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. हे त्यांना सांगायला एक दुपार पुरली असती.

*

आता योगिताचं सांगतो.

योगिता बिसेन दवनीवाड्याकडची. वडील धनलालभाऊ, धानाचे शेतकरी. पोरगी हुशार आणि आवाज खणखणीत. अकरावीत असताना वक्तृत्व स्पर्धेला विषय आला, 'अणुऊर्जा हवी की नको'. चिठ्ठी काढली, तिला 'नको' निघालं. माझ्याकडे आली. मी एका बैठकीत भाषण लिहून दिलं आणि दुसरी बाजू जाणूनबुजून वगळली, कारण स्पर्धा होती. शेवट असा केला होता की तिने थांबायचं, श्रोत्यांकडे बघायचं आणि विचारायचं, "तुम्ही तुमच्या लेकराला अशा ठिकाणी पाठवाल का?"

पहिला नंबर आला. गावच्या गणपतीत तिने तेच भाषण पुन्हा केलं. धनलालभाऊंनी कुणाकडून तरी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि पाहुण्यारावळ्यांना दाखवत राहिले.

पुढे तिने बी.एस्सी. केलं. परीक्षा दिली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका अणुवीज केंद्रात ट्रेनी म्हणून निवड झाली. आमच्या कॉलेजातून तिथवर कोणी गेलं नव्हतं. मला वाटलं, रहांगडाले सर असते तर पेढे त्यांनीच वाटले असते.

चार दिवसांनी ती माझ्या घरी आली. बाबा नाही म्हणून राहिले, म्हणाली. सर, तुम्ही चला, तुमचं ऐकतील.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. धनलालभाऊ बांधीतल्या चिखलातून वर आले, पाय धुतले, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं समजावलं. तिथे किती काळजी घेतात, प्रत्येकाच्या अंगावर किरणं मोजणारा बिल्ला असतो, हजारो लोक आयुष्यभर नोकरी करून घरी येतात. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

मग मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. वेणी घातलेली योगिता शेवटच्या वाक्यावर थांबली, समोर पाहिलं आणि विचारलं. व्हिडिओत पुढच्या रांगेतून माणसांनी 'नाही' म्हणत हात वर केले. सगळ्यात आधी वर गेलेला हात धनलालभाऊंचा होता.

"सर," ते म्हणाले, "तवा पोरीच्या तोंडून खोटं बोलवलं, का आता मायाजवळ खोटं बोलून राह्यले?"

मी म्हणालो, दोन्ही वेळा खरंच होतं भाऊ, पण तेव्हा अर्धंच सांगितलं.

"अर्ध्या गोष्टीवर पोरीले बक्षीस देल्लं तुमी?"

योगिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती वडिलांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

रुजू व्हायची तारीख गेली. पुढे एम.एस्सी., बी.एड. करून ती आता आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवते, माझ्या जागेवर. चांगली शिकवते, पोरं सांगतात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. वक्तृत्व स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून या, म्हणाली. विषय तोच होता. तिच्या वर्गातल्या एका मुलीला चिठ्ठीत 'नको' निघालं होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, तिला भाषण लिहून देताना दोन्ही बाजू घाल गं.

ती म्हणाली, "मी पोरींना भाषण लिहून देत नाही, सर."