खरं वय सांगा

आमच्या डॉक्टरबाईंकडे सोलापूरभरच्या गरोदर बायका येतात आणि मी सिस्टर म्हणून पहिलं विचारते, "वय किती?" एवढ्याशा प्रश्नावर किती किस्से साठलेत, काय सांगू!

डबल मार्कर या गरोदरपणातल्या रक्ताच्या टेस्टला खरं वय लागतंच. पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढते. वय खोटं, तर रिपोर्टही खोटा. पण ऐकतंय कोण?

*

माढ्याच्या दोघी जावा. दोघींच्या आधारवर जन्म एक जून. "गुरुजींनी शाळेत घालताना तसंच लिवलं की," थोरली म्हणाली. "आमची विहीर खणली तवा मी रांगत होते." विहीर कधी खणली, म्हणून तिच्या वडलांना फोन लावला.

"तिला पाणीच लागलं न्हाय. कोण ध्यानात ठेवतंय?"

*

शबाना बावीसची. पहिल्या मुलाला डाउन सिंड्रोम. सोबत आलेली शेजारीण म्हणाली, "असली लेकरं म्हातारपणी होतात. हिनंच काहीतरी खाल्लं असंल."

डॉक्टरबाई भडकल्या. "तरुणपणी धोका कमी, पण बाळंतपणं जास्त तरुण बायकांचीच. म्हणून अशी बरीच मुलं तरुण आयांनाच होतात. तिला बोल लावायचा असेल तर बाहेर बसा."

शबाना रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

*

वळसंगची महानंदा. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिलेले. वय विचारलं तर शेजारी बसलेल्या सासूनंच सांगितलं, "बत्तीस."

रक्त काढताना महानंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "सिस्टर, लग्न जमवताना सहा वर्षं कमी सांगितलीत. आत्याबाईंना कळलं तर मला माहेरी धाडतील."

मी सासूला म्हटलं, "मावशी, बाहेर जाऊन चहा घ्या."

"मी चहा पीत न्हाय."

मी महानंदाला हळूच म्हटलं, "खरं सांग बाई, बाळाचा प्रश्न आहे." तिनं माझा हात घट्ट धरला. मग मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, मी अडतीसची हाय."

सासूनं पदर कमरेला खोचला. मला वाटलं, आता ही उठणार आणि सुनेला इथंच सोडून जाणार.

उठली खरी. दारातून बाहेर बसलेल्या आपल्या मुलाकडं, महानंदाच्या नवऱ्याकडं बघितलं, दार लावून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बापाचं वय बी लागतंय का ओ? आमी आठ कमी सांगितली होती."