गोडा थेंब

वर जमिनीवर दम्याने जीव घाबरा व्हायचा, म्हणून बोरिश्का मावशी रोज ट्रान्सिल्व्हेनियातल्या मिठाच्या खाणीत जाऊन बसायची. तिथे छाती मोकळी व्हायची. आज तिथे येणाऱ्या बायकांबरोबर पत्ते खेळताना तिच्या हातावर टपकन थेंब पडला, आणि तिने छताकडे पाहिलं. खाणीत जन्म काढलेला नवरा सांगायचा, "खाऱ्या थेंबाला भिऊ नकोस, त्याचं पोट मिठाने भरलेलं असतं. गोडं पाणी उपाशी असतं. ते अख्खी खाण खाईल."

"पान टाक की गं म्हातारे! हरतेस म्हणून छताकडे बघतेस होय?" समोरची विल्मा खेकसली.

बोरिश्काने पुढचा थेंब जिभेवर झेलला. गोडा!

"उठा, वर पळा!" ती किंचाळली. सगळ्या धावल्या. जिन्याशी मात्र तिचेच पाय अडले. वर तिला श्वास कुठे होता?