ताटातला क्रूस

"मत कुणाला दिलं ते डॉक्टर पाच वरसं इचारील, बादलीत काय व्हतं ते देव इचारायचं थांबणार न्हाय," असं मथुराबाई हापशावर शेजारच्या कस्तुराबाईला म्हणाली, आणि दुपारपर्यंत ते वाक्य डॉक्टरांच्या प्रचार कचेरीत पोचलं. डॉक्टर भूमच्या नगराध्यक्षपदाला उभे होते.

त्यांच्या दवाखान्यात मथुराबाईनं सतरा वर्षं आयाचं काम केलं. पुढच्या दारानं बाळंतिणी यायच्या. मागच्या दाराला काचा झाकलेली गाडी लागायची, तिच्यातून डोक्यावर पदर ओढलेल्या बाया उतरायच्या. आतलं यंत्र त्यांच्या पोटात बघायचं. मुलगा असला की डॉक्टर पेढे मागायचे, मुलगी असली की नुसते गप्प बसायचे. सासवा ओळखायच्या. मग मथुराबाई बादली घेऊन मागल्या बोरीखाली जायची, खड्ड्यात रिकामी करायची, वर चुना टाकायची. कुत्री वाट बघत बसलेली असत. त्यांना दगड घालायचं कामही तिचंच. एका सकाळी बादलीवरचं फडकं हललं. वारा नव्हता. फडकं हलायचं थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिनं चुना टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला गेली नाही. पण पोलिसांतही गेली नाही. तिचा लेक भागवत डॉक्टरांकडंच ड्रायव्हर होता.

वस्तीत ख्रिस्ती घरं अकरा. आज्या-पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला, नावं मात्र गावचीच राहिली. महिन्यातून एकदा सोलापूरकडून फादर येत आणि पत्र्याच्या खोलीत मिस्साची प्रार्थना होई. फादरपुढं गुडघे टेकून तिनं फडक्याचं सांगितलं होतं. निवडणूक लागली तेव्हा तिनं मताचंही विचारलं.

"ते मी सांगणार नाही, मथुराबाई. आत एकट्या उभ्या राहाल तेव्हा मन काय साक्ष देतं ते ऐका."

"मन कवाच देतंय, फादर. तोंड देत न्हाय."

मतदानाच्या दिवशी सकाळीच पत्र्याच्या खोलीपुढं डॉक्टरांच्या पैशानं वस्तीच्या जेवणाला बोकड कापला. मुंडकं पायरीवर ठेवलेलं, डोळे उघडे. डॉक्टरांचा माणूस गुंडाप्पा पितळी ताटात बेलभंडार घेऊन आला. गल्लोगल्ली त्यानं लोकांना भंडारा उचलायला लावला होता. भंडारा उचलला की मत फिरत नाही, अशी त्याची खात्री. पण या अकरा घरांना भंडाऱ्याचं भय कुठलं? तेव्हा भागवतनं स्वतः खोलीतल्या खिळ्यावरचा क्रूस काढला आणि ताटात भंडाऱ्यावर आडवा ठेवला. येशू छातीपर्यंत पिवळा झाला.

एकेकानं हात ठेवला. "शप्पत घेतो, मत डॉक्टरसायबाला."

"ये मावशे," गुंडाप्पा हसला. "तुजाच देव हाय. आता खोटं बोलायची सोय न्हाय."

"न्हायच की."

तिनं हात ठेवला. क्रूस गार होता.

"येशूच्या अंगावर हात ठिवून सांगते. बोरीखाली म्या इतक्या पुरल्या की मोजायचं सोडून दिलं. शेवटची जित्ती व्हती."

कस्तुराबाईच्या सुनेनं तोंडात पदर कोंबला. ती दोनदा मागच्या दारानं जाऊन आली होती.

भागवतची लाथ ताटावर बसली. भंडारा उडाला, क्रूस भिंतीवर आदळला. मग त्याचा हात आईच्या तोंडावर बसला, आणि ती वेदीच्या दगडावर पडली.

"बाया कोण आणीत व्हतं गं? गाडी कोण चालवीत व्हतं? म्या! मला फाशी द्यायला निघालीस व्हय, माय?"

तिला ते ठाऊक होतं. सतरा वर्षं त्याच्या डब्यात भाकरी तिनंच बांधली होती. त्यानं केस धरून तिला उठवलं आणि पुन्हा मारलं. दगडावर दाताचा आवाज झाला. अकरा घरं भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आरं बास! मेली तर आज लई महाग पडंल," गुंडाप्पानं त्याला मागं खेचलं. "घरात कोंडून ठिव सांजपातुर. एक मत कमी, एवढंच."

भागवत दारात आडवा उभा राहिला. धापा टाकत होता. मुठी वळलेल्या.

मथुराबाई उठली. दात तळहातावर थुंकला, कनवटीला लावला. भिंतीखालचा क्रूस उचलला, पदरानं पुसला. भंडारा निघाला, पण तिच्या ओठाचं रक्त येशूच्या गुडघ्याला लागलं. तेही पुसलं. मग ती लेकापुढं गेली आणि क्रूस त्याच्यापुढं धरला. तो घेईना. तिनं सोडून दिला.

भागवतनं तो दोन्ही हातांनी झेलला. लहानपणी मिस्साच्या वेळी तोच क्रूस धरून तो पुढं चालायचा. खाली पडू द्यायचा नाही, हे हातांना माहीत होतं. आता मारायला हात उरला नाही.

तिनं भंडाऱ्यात पडलेली आपली मतदानाची चिठ्ठी उचलली, झटकली, आणि त्याच्या खांद्याला खांदा घासत, बोकडाच्या रक्तातून पाय टाकत, समोरच्या शाळेतल्या मतदान केंद्राकडं निघून गेली.